वाफेच्या खोलीबाहेरची चंद्रभागाबाई

आंबागडच्या चंद्रभागाबाईला १९७९ साली नोकरी चालून आली, तेव्हा कामाचं ठिकाण ऐकून तिच्या नवऱ्याने, तुलारामने, सरळ विचारलं, "तुले जमन का हे? तुले त आपल्या घरातलं दार लावलेलं चालत नाही."

तुमसरच्या बाहेर गोपीचंद नावाच्या एका डॉक्टरांनी निसर्गोपचाराचं केंद्र काढलं होतं. पोटावर मातीच्या पट्ट्या ठेवत, तेल लावून अंग रगडत, आणि मागच्या अंगाला एक छोटी विटांची खोली होती तिच्यात वाफ सोडत. रोगी आत बाकावर बसायचा, घाम काढायचा आणि बाहेर यायचा. बायकांच्या वेळेला दाराशी बसायला एक बाई हवी होती. भट्टीवर लाकडं घालणारा चिंधू आंबागडचाच. त्यानेच घरी येऊन निरोप सांगितला होता.

 चंद्रभागाबाईच्या मनात काय आलं असेल ते तुलारामला ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं.

आठ वर्षांपूर्वी, पौषात, तिला पहिली मुलगी झाली. नाव चंद्रकांता ठेवलं. त्या दिवसांत अवकाळी झड लागली होती आणि डोंगरावरून गार वारा गावात उतरत होता. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सासूने खोलीची खिडकी पोत्यांनी बुजवली, दाराला आतून घोंगडी टांगली आणि खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवली. कोळसा तुलारामनेच जंगलातून आणलेला. त्यावर ओव्याची धुरी टाकली. गावात सगळ्याच बाळंतिणींचा शेक असाच व्हायचा, कोणी काही वेगळं केलं नव्हतं.

दुपारी सासू बाळाला आंघोळीसाठी चुलीपाशी घेऊन गेली. थोरली जाऊ जनाबाई चंद्रभागाच्या पायांना तेल लावत बसली होती. ती म्हणाली, "मस्त ऊब आहे वं. मी येथीच आंग टाकतो जराशी." आणि शेगडीपाशी पोतं अंथरून आडवी झाली.

चंद्रभागाचं डोकं ठणकू लागलं. आधी वाटलं, धुरीमुळे असेल. मग छातीत धडधडायला लागलं. तिने "जनाबाई, ओ जनाबाई" अशा हाका मारल्या, पण आपल्या तोंडातून आवाज निघतो आहे की नाही हे तिला कळेना. उठायला गेली तर पाय जाग्यावर नव्हतेच. ती खाटेवरून खाली पडली आणि दाराच्या दिशेने सरपटली. दार दिसत होतं, पण ते दूर दूर जात होतं. उंबऱ्यापाशी तिचं तोंड जमिनीला टेकलं, तिथे फटीतून गार वारा येत होता. तेवढं तिला आठवत होतं.

सासूने दार लोटलं तेव्हा सून उंबऱ्यात पडलेली, श्वास चालू. जनाबाई शेगडीपाशी झोपल्यासारखी. ती उठली नाही.

गावात नाना तऱ्हेचं बोललं गेलं. कोणी नजर म्हटलं, कोणी जखीण. पाणवठ्यावर दोन बायका हळू आवाजात म्हणाल्या, की हिच्या बाळंतपणाने जाऊ खाल्ली. ते चंद्रभागाबाईच्या कानांवर आलं आणि आत जाऊन बसलं. त्यानंतर तिने दार म्हणून लावलं नाही. पावसाचं पाणी घरात आलं तरी दार उघडं. न्हाणीत आंघोळीला बसली तरी आडोशाची बांबूची टट्टी अर्धी सरकवलेली, आणि बाहेर राखणीला चंद्रकांता. एसटीत खिडकी मिळाली नाही तर ती बस सोडून द्यायची. जनाबाईची दोन्ही पोरं तिने स्वतःच्या पोरीबरोबर वाढवली, त्यांना जेवू घातलं, पण त्यांच्या डोळ्यांत बघून बोलणं तिला कधी जमलं नाही.

अशी बाई वाफेच्या बंद खोलीपाशी कामाला निघाली. तुलारामचं जंगलातलं काम पावसाळ्यात बंद असे आणि घरात खाणारी तोंडं वाढली होती, हे एक कारण. दुसरं कारण तिलाही नीट सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी तिला खोली दाखवायला नेलं. ती दारापासून चार हात लांब उभी राहिली.

"आत येऊन बघा ना," डॉक्टर म्हणाले.

"येथून दिसते जी."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे हात पदरात घट्ट गुंडाळलेले होते. चिंधूने त्यांना आधीच काहीबाही सांगितलं असावं. ते म्हणाले, "बसा इथे. काय झालं होतं ते मला सांगा."

तिने सांगितलं. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "बाई, तो दगा कोळशाने दिला. बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की त्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाचं डोकं दुखतं, मग झोप आल्यासारखं वाटतं, आणि ती झोप मोडत नाही. तुम्ही उंबऱ्याच्या फटीशी पडलात म्हणून वाचलात."

"मंग नजर नोहोय?"

"नजर नाही, जखीण नाही. आणि तुम्हीही नाही."

चंद्रभागाबाई तिथेच खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडली. चिंधू भट्टीतली लाकडं उगीच इकडची तिकडे करत राहिला.

मग डॉक्टरांनी तिला भिंतीच्या पलीकडे नेलं. भट्टी उघड्यावर होती, तिच्यावर पाण्याचं मोठं पिंप, पिंपातून निघालेला नळ भिंतीतून आत गेलेला. "बघा, विस्तव बाहेर, धूर बाहेर. आत जाते ती फक्त पाण्याची वाफ. कोणी कितीही थंडी वाजते म्हटलं तरी त्या खोलीत शेगडी जाणार नाही. हा माझा पहिला नियम."

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला येऊ लागली. पण कळणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. बाई आत गेली आणि दार लागलं, की चंद्रभागाबाई स्टूल दाराला लावायची. त्यावर कान देऊन बसायची. आतून काही आवाज आला नाही की हाक मारायची, "बाई, बऱ्या आहा ना?" उत्तराला क्षणभर उशीर झाला की दार उघडायची.

नियम तिने पाठ केले होते. आत जाण्याआधी गडवाभर पाणी पाजायचं. डोक्यावर ओलं फडकं ठेवायचं. भरल्या पोटी कोणी बसायचं नाही, आणि उपाशीही नाही. ताप असला, दिवस गेलेले असले, छातीचं दुखणं किंवा रक्तदाबाची गोळी चालू असली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही. दहा मिनिटं झाली की बाहेर. चक्कर आली, मळमळलं, छाती धडधडली, तर त्याच्याही आधी. बाहेर आल्यावर लगेच थंड पाणी अंगावर ओतायचं नाही. आधी टेकायचं, मग कोमट पाण्याने अंग धुवायचं, पाणी प्यायचं. डॉक्टर फार मोठी आश्वासनं देत नसत. "वाफेने रोग पळत नाही," ते म्हणत. "अंग मोकळं होतं, आखडलेले सांधे सैल होतात, झोप चांगली लागते. एवढं पुष्कळ आहे."

आणि तेवढं व्हायचं खरं. परह्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून कंबर धरलेल्या बायका यायच्या. भात लावणारी कौशल्याबाई नावाची एक म्हातारी भिंतीला धरून आत गेली होती. बाहेर आली तेव्हा तोंड लाल झालेलं, आणि ती हसत होती. "पोरी, हाडातला चिखल निघाला वं माहा," म्हणाली. चंद्रभागाबाई पण हसली. तिचा हात मात्र अजून दाराच्या कडीवरच होता.

१९८१च्या पावसाळ्यात मंदाबाई यायला लागल्या. तुमसरच्या राईस मिलवाल्या बाबूलालच्या बायको. अंगाने भारी, बोलायला मोकळ्या, हाताने सढळ. मुलीचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं आणि त्याआधी त्यांना वजन उतरवायचं होतं. डॉक्टरांनी त्यांना समजावलं होतं, "वाफेने जातं ते पाणी. घरी जाऊन दोन गडवे पाणी प्यालात की परत येतं." पण बाहेर आल्यावर साडी कमरेला सैल वाटायची आणि मंदाबाईंचा विश्वास त्या साडीवर होता.

त्यांना चंद्रभागाबाईचं सारखं दार उघडणं आवडेना. "बाई, तू बार बार दार उघडून रायली त वाफ टिकन कशी? मले का मारून टाकतेस थंडीनं?" दुसऱ्या बायकाही कुरकुर करू लागल्या. एक दिवस डॉक्टरांनी तिला बाजूला बोलावलं. रागावले नाहीत.

"चंद्रभागाबाई, तुमची काळजी मला कळते. पण दार पुन्हा पुन्हा उघडलं तर उपचार होत नाही. आवाज द्या, पण दार वेळ झाल्यावरच उघडा. जमेल?"

"जमन जी," ती म्हणाली. तिला फार लाज वाटली. घरी येऊन तुलारामला म्हणाली, "माह्या भेवाचा आता लोकायले तरास होऊन राहिला."

त्या शुक्रवारी सकाळपासून पाऊस होता. मंदाबाई आल्या त्या नेहमीपेक्षा गप्प. चंद्रभागाबाईने पाण्याचा गडवा पुढे केला, तर दोन घोट घेऊन परत दिला.

"काही खाल्लं ना बाई सकाळी?"

"खाल्लं खाल्लं. चाल, उघड."

ओठ कोरडे होते. चंद्रभागाबाईला ते दिसलं. विचारावं पुन्हा, डॉक्टरांना हाक मारावी, असं मनात आलं. पण आपलं मन असंच आहे, सगळीकडे मरणच बघतं, असं तिने स्वतःला समजावलं आणि दार उघडून दिलं.

पहिल्या हाकेला आतून "हो" आलं. दुसऱ्या हाकेला नुसता हुंकार. चंद्रभागाबाईचा हात कडीवर गेला आणि तिने तो मागे घेतला. पदराखाली दोन्ही हात मांडीत दाबून धरले. पन्हाळीचं पाणी फरशीवर पडत होतं, त्या आवाजात आतलं काही ऐकू येईना. तिने दाराला कान लावला. मग आतून काहीतरी जड घसरल्याचा आवाज आला आणि लाकडाला धक्का बसला.

"बाई! मंदाबाई!"

काही नाही.

तिने दार ढकललं. ते दार आत उघडणारं होतं, आपल्या घरांच्या दारांसारखंच. बांधताना कोणाच्या मनातही काही आलं नव्हतं. दार बोटभर हललं आणि थांबलं. फटीतून वाफ तिच्या तोंडावर आली, आणि खाली, फटीपाशी, मंदाबाईंचे केस दिसले. उठून बाहेर यायला निघाल्या होत्या आणि दाराशीच कोसळल्या होत्या. सगळं अंग दाराला टेकलेलं.

"चिंधूभाऊ! वाफ बंद कर! बंद कर आधी!" ती किंचाळली. पलीकडे चिंधूने वाफेच्या नळाची चावी फिरवली, भट्टीतली लाकडं ओढून पाण्यात टाकली. फुसफुस थांबली. डॉक्टर पुढच्या खोलीतून धावत आले. त्यांनी दाराला खांदा लावला, तशी आतून अंग वेडंवाकडं दुमडल्यासारखं वाटलं, म्हणून लगेच थांबले.

"मान दबेल त्यांची. आतून ओढायला हवं कोणीतरी."

खोलीला दुसरी वाट एकच होती. मागच्या भिंतीत वर एक झरोका, लाकडी झाकणाचा. डॉक्टर अंगाने आडवे, चिंधूचा एक गुडघा वाकत नसे. दोघांनी चंद्रभागाबाईकडे पाहिलं. ती काटकुळी होती.

"मी नाही जात," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "सायेब, मी नाही जाऊ शकत आत."

डॉक्टरांनी तिला आग्रह केला नाही. ते झरोक्याकडे वळले, झाकण उघडलं, आणि आपलेच खांदे त्यातून घालून पाहू लागले. ते जात नव्हते. वाफेचा एक लोट बाहेर आला आणि पावसात विरून गेला. चंद्रभागाबाई ते बघत उभी होती. मग तिने साडीचा काष्टा मारला आणि म्हणाली, "सरका जी."

चिंधूने आणि डॉक्टरांनी तिला वर उचललं. आत डोकं गेलं आणि तिचा श्वासच अडकला. गरम, ओली, पांढरी हवा. काही दिसत नव्हतं. कोणीतरी तोंडावर ओली रजई दाबावी तसं झालं. ती आत पडली, बाकावर कोपर आदळलं, आणि एक क्षण तिला कळेना आपण कुठे आहोत. खाटेखाली शेगडी आहे असंच वाटलं. "जनाबाई," ती मोठ्याने म्हणाली. बाहेर चिंधूने ते ऐकलं.

"बाई, पाय धरा त्यांचे! खाली हात घाला!" डॉक्टर झरोक्यातून ओरडत होते.

ती फरशीवर बसून हातांनी चाचपत पुढे गेली. आधी घोटा लागला. गरम होता. तिने दोन्ही हातांनी तो धरला, भिंतीला पाठ लावली आणि ओढलं. घामाने हात निसटले. पुन्हा धरला. तिला सारखं वाटत होतं की आता डोकं दुखायला लागेल, आता पाय जातील. ओढता ओढता ती तोंडाने मोठमोठ्याने मोजत होती की शिव्या देत होती, हे नंतर कोणालाच सांगता आलं नाही. मंदाबाईंचं अंग हातभर सरकलं. दाराची फट रुंद झाली आणि चिंधू आत घुसला.

त्यांना ओसरीवर आणून निजवलं. पायांखाली उशी दिली. मानेला, काखेत ओली फडकी ठेवली, चिंधूने सुपाने वारा घातला. डॉक्टर नाडी धरून बसले होते आणि डॉक्टरांच्याच ओठांचा रंग उडालेला चंद्रभागाबाईने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मंदाबाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांना काही आठवत नव्हतं. पूर्ण शुद्धीवर आल्यावर घोट घोट मीठ-साखरेचं पाणी पाजलं, आणि जीप मागवून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे नवऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं, की बाई दोन दिवस फक्त चहावर होत्या, आणि रक्तदाबाची गोळी कधीपासून चालू होती. डॉक्टर वाफ बंद करतील म्हणून त्यांनी ते लपवलं होतं.

मंदाबाई वाचल्या. संध्याकाळी त्यांना घरी सोडलं.

चंद्रभागाबाई त्या रात्रीपासून अंगणात झोपायला लागली. पाऊस आला की छपराखाली यायची, पण घरात पाऊल टाकेना. डोळा लागला की ती पांढरी हवा तोंडावर यायची. चंद्रकांता तिच्याजवळ येऊन निजायची. कामावर जायचा विषय तुलाराम काढत नव्हता. "राहू दे," तो चिंधूला म्हणाला. "आता नोको विचारू तिले."

पंधरवडा उलटल्यावर डॉक्टर स्वतः आंबागडला आले. ओसरीवर बसले, चहा घेतला. बराच वेळ भाताच्या पिकाबद्दलच बोलले. मग म्हणाले, "बाई, मी तुम्हाला दार उघडू नका म्हटलं होतं. ते चुकलं माझं."

ती खाली बघत होती. "मी भेतो सायेब. तुमी बोलले म्हनून भेव दाबलं. त्या दिवशी पयल्यांदाच दाबलं."

"म्हणूनच आलो. मला तिथे भिणारंच माणूस पाहिजे."

तिने लगेच हो म्हटलं नाही. चार दिवसांनी चिंधूबरोबर निरोप पाठवला. दार बाहेर उघडलं पाहिजे. त्याला कडी नको, आतून ना बाहेरून. दारात बसल्या जागेवरून आतलं माणूस दिसेल एवढी काच हवी. आणि मी दार केव्हाही उघडीन, कोणी तोंड वाकडं केलं तरी.

डॉक्टरांनी सुताराला बोलावून घेतलं. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला हाताशी ओढता येईल अशी एक घंटाही त्यांनी बसवली, ती त्यांची स्वतःची कल्पना.

पुढे पाच-सहा वर्षं चंद्रभागाबाई त्या दाराशी बसली. मंदाबाई मुलीच्या लग्नाचं निमंत्रण द्यायला आल्या तेव्हा तिच्यासाठी लुगडं घेऊन आल्या होत्या. वाफेला मात्र पुन्हा बसल्या नाहीत. नव्या आलेल्या बायका चंद्रभागाबाईच्या प्रश्नांना वैतागत. काय खाल्लं, गोळ्या कोणत्या, पाळी चुकली का, काल ताप होता का. एखादीने उत्तर टाळलं तर ती दारासमोरून हलत नसे. "राग येऊ द्या बाई," म्हणायची, "पन सांगा."

१९८७मध्ये डॉक्टरांनी केंद्र आवरलं, मुलाकडे नागपूरला जायचं ठरलं. शेवटच्या आठवड्यात ते तिला म्हणाले, "इतक्या वर्षांत तुम्ही स्वतः एकदाही बसला नाहीत. गुडघे दुखतात ना तुमचे?"

"दुखते."

"मग आज बसा. मी नाही बसणार दाराशी, पुष्पाबाई बसेल." पुष्पाबाई ही मातीच्या पट्ट्या करणारी बाई, चंद्रभागाबाईची रोजची सोबतीण.

ती आत गेली. वाफ अर्धीच सोडायला सांगितली होती. काचेपलीकडे पुष्पाबाईचं तोंड दिसत होतं आणि ती त्यावरून नजर काढत नव्हती. छाती धडधडत होती. पण गुडघ्यांत काहीतरी हळूहळू सुटत गेलं, खांद्यांवरून घाम ओघळला, आणि थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, तिला बरं वाटलं. मग तिने दार ढकललं आणि बाहेर आली.

"एवढ्यातच?" पुष्पाबाई म्हणाली. "आत्ता त बसली होतीस."

"पुरे झालं," चंद्रभागाबाई म्हणाली आणि पाणी मागितलं.